इटकरी

फुलाबाईनं पत्र्याच्या डब्यावर काठीचे चार दणके दिले. द्राक्षाच्या मांडवावरून भोरड्यांचा थवा भर्रकन उठला आणि बागेवर एक गिरकी घेऊन ओढ्यापलीकडच्या बाभळींवर जाऊन बसला. त्यांच्या गडबडीत ओळींच्या बुडाशी टिपत असलेली चार-दोन बारकी पाखरंही उडाली. पाचव्या दणक्यासाठी तिनं हात वर केला, तेवढ्यात वेलींखालून एक पोरगी वाकत वाकत बाहेर आली. गळ्यात दुर्बीण, हातात वही, केसांत वाळकी पानं.

“मावशी, थांबा ना जरा. आत्ताच एक बारकं पाखरू दिसलं होतं. ओळखायच्या आतच गेलं.”

फुलाबाईनं काठी खाली टेकवली. स्वतःच्या गळ्याकडं बोट दाखवून तिनं पंजा आडवा हलवला. पोरगी नुसतीच बघत राहिली.

“त्यांना बोलायचं न्हाय,” मागून दिग्विजय म्हणाला. बाग त्याची. मोटारसायकल बांधावर लावून तो पायीच आत येत होता. “डॉक्टरनं महिनाभर तोंड बंद ठिवाय सांगितलंय. न्हायतर आमच्या फुलाबाईंना डबाबिबा लागत न्हवता. हितनं हाळी दिली की पार निमगावच्या ष्टँडावरची कबुतरं उडायची.”

तो हसला. पोरगीही थोडी हसली. फुलाबाईनं काठीवर दोन्ही हातांचा भार टाकला आणि कुठं बसायला मिळतंय का ते पाहिलं. सकाळचे साडेसात वाजले होते आणि तिचे पाय आत्ताच भरून आले होते.

पोरीचं नाव उत्कर्षा. सुप्याची होती, बारामतीच्या कॉलेजात शिकत होती. थंडीत द्राक्षबागेत कुठली पाखरं येतात, त्यातली कुठली मणी खातात आणि कुठली नाही, हे तिला दहा दिवस रोज येऊन मोजायचं होतं. बागेवर जाळी टाकावी की नाही हे दिग्विजयचं ठरत नव्हतं, म्हणून त्यानं तिला होकार दिला होता.

“आमच्या डाळिंबावर तर हमिंगबर्ड पण असतोय,” तो तिला म्हणाला. “फुलापाशी हवेत थांबतोय बघा. मोबाईलमधी घेतलाय मी.”

“हमिंगबर्ड आपल्याकडं नसतो, दादा. तो तिकडं अमेरिकेत. तुम्ही बघितला तो शिंजीर असणार.”

“असंल. दिसतो तर तसाच.”

उत्कर्षानं मग हळूच विचारलं, सकाळचे दोन तास डबा वाजवला नाही तर चालेल का. दिग्विजयनं मांडवाकडं पाहिलं. मण्यांत अजून साखर भरायची होती.

“दोनच तास,” तो म्हणाला. “आन् फुलाबाई, वड्याकडच्या वळींवर तेवढं ध्यान ठिवा.”

तो गेला. फुलाबाई ड्रिपच्या टाकीच्या सावलीला बसली आणि हातांचं काय करावं हे तिला कळेना. काठी मांडीवर घेतली, मग बाजूला ठेवली. राखणीला येऊन गप्प बसायची तिला सवय नव्हती. नऊ वर्षांची असताना बापानं तिला ज्वारीच्या राखणीसाठी माळ्यावर चढवलं होतं, तेव्हापासून ती पाखरं हाकलत आली होती. आधी ज्वारी, मग बाजरी, मका. आणि गेली अठरा वर्षं दिग्विजयच्या घरची द्राक्षं. द्राक्षाला गोफण चालत नाही, दगडानं घड फुटतात. म्हणून सगळं गळ्यावर. घरी नवरा होता तो सोनबा, त्याला खडीच्या मशीनवर काम करून करून ऐकू यायचं बंद झालेलं. त्याला जेवायला हाक मारायची तरी बेंबीच्या देठापासून. सोनबा जाऊन चार वर्षं झाली, पण घरात चढलेला आवाज पुन्हा खाली आला नव्हता.

यंदा दिवाळीनंतर तो आवाज चिरकायला लागला. संक्रांतीच्या आधी तर हाळी द्यायला तोंड उघडलं की नुसतीच हवा यायची. मुलगा अविराज दुधाच्या टँकरवर होता. एक दिवस सुट्टी काढून त्यानं तिला बारामतीला घशाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं नाकातून नळी घालून पाहिलं. गाठी आल्यात म्हणाला, भिण्यासारखं काही नाही, पण महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आणि ओरडणं कायमचं बंद. “नाहीतर आहे तोही जाईल,” असं तो अविराजकडं बघून म्हणाला होता. तिच्याकडं बघून म्हणाला असता तर तिनं विचारलं असतं, मग राखण कशानं करायची.

ती टाकीला टेकून बसून राहिली. पाव तास गेला असेल. ओळींच्या मधे ओलीवर एक परटीण उतरली आणि शेपूट वरखाली करत चालत तिच्याकडं यायला लागली. फुलाबाईचा हात आपसूक काठीकडं गेला आणि थांबला. पाखरू चार हातांवर येऊन उभं राहिलं. तोंड पांढरं, छातीवर काळा डाग, आणि डोळा केवढा तरी चकचकीत. तिनं इतकी वर्षं परटीण पाहिली होती, पण पाहिली होती ती उडून जाताना. पाठ, पंख, शेपूट. त्या पाखराला असं तोंड असेल हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून उत्कर्षा तिच्याशेजारी येऊन बसायला लागली. लांबवर काही हललं की फुलाबाई तिच्या दंडाला हात लावायची आणि खूण करायची. दोन बोटं वरखाली केली की परटीण. पंजा सैल धरून थरथरवला की थिरथिरा. डोक्यावर मूठ ठेवून उघडली की तुऱ्याचा हुदहुद. तारेवर एकटं बसणाऱ्या खाटकासाठी तिनं अंगठ्यानं मान कापल्यासारखं केलं तेव्हा उत्कर्षा तोंडावर वही धरून हसली. दुर्बिणीतून बघायच्या आधीच फुलाबाईला पाखरू कळायचं, उडायच्या नुसत्या ढबेवरून. उत्कर्षा पुस्तकातलं नाव लिहायची आणि त्यापुढं फुलाबाईची खूण शब्दांत मांडून ठेवायची.

“हा कोतवाल द्राक्ष खातो?”

फुलाबाईनं मान हलवली. तर्जनी वाकडी करून तिनं मनगटावरून सरकवली. अळी.

“आणि थिरथिरा? परटीण?”

पुन्हा तेच. बोट मनगटावरून सरकलं.

“मग यांना का हाकलता, मावशी?”

फुलाबाईनं बांधाकडं बोट केलं, जिथं रोज मोटारसायकल उभी राहायची. मग तळहात कानामागं धरला. उत्कर्षाला समजायला क्षणभर लागला.

“मालकाला आवाज ऐकू यायला पाहिजे.”

फुलाबाईनं मान डोलावली आणि नजर ओढ्याकडं वळवली. राखण करणारी बाई गप्प बसली म्हणजे झोपली, हे सगळ्या शिवारात एकच होतं. द्राक्ष खाणारी पाखरं तीन-चार जातींची, तीही ओढ्याकडच्या दोन ओळींवर उतरणारी; हे तिला कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं. विचारलं नव्हतं कुणी. आणि सांगायचं तरी कशाला? सांगितलं असतं तर तिला कामावर ठेवलं कशाला असतं?

पाचव्या दिवशी ते पहिल्या दिवशीचं बारकं पाखरू पुन्हा दिसलं. टाकीच्या गळतीनं ओल्या झालेल्या गवतातून निघालं, जमिनीलगत उडालं आणि दुसऱ्या गवतात शिरलं. उत्कर्षानं दुर्बीण वर नेली तोवर गवत हलायचंही थांबलं होतं.

“हेच ते! हे कुठलं?”

फुलाबाईला ते चांगलं माहीत होतं. हाताशी विटेचा तुकडा पडला होता तो तिनं उचलला, एक वाळकं पान घेतलं आणि पानाच्या देठाजवळ दोन्ही बाजूंना विटेचा रंग घासला. मधली पट्टी तशीच ठेवली. मग पान उत्कर्षासमोर धरून शेपटीसारखं उडवून दाखवलं. मनातल्या मनात ती या पाखराला इटकरी म्हणायची. दर थंडीत यायचं, शिमग्यानंतर दिसेनासं व्हायचं.

“शेपटीच्या बुडाशी विटकरी... आणि पुढून? गळा कसा आहे? छाती?”

फुलाबाईनं दोन्ही हात उघडे केले. पुढून तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं. मग काहीतरी सुचून ती उठली आणि उत्कर्षाला मागं यायची खूण करून बांधावरून चालू लागली.

तिचं घर बागेच्या खालच्या अंगाला होतं, तीन पत्र्याच्या खोल्या. मागं मोरीचं पाणी जायचं तिथं अळूचा दाट वाफा माजला होता. इटकरी तिथं असायची. पहाटे कामाला निघताना फुलाबाईच्या पायांत येऊन पळायची. दोघी घराला वळसा घालून मागं आल्या तेव्हा सून, सुप्रिया, उकिडवी बसून भांडी घासत होती. सासू दिसताच ती उठली, घासलेली-बिनघासलेली भांडी एकत्र करायला लागली. त्याच वेळी अळूच्या कडेनं काहीतरी सुर्रकन गेलं. शेपटीची वीट तेवढी चमकली आणि पानांत गेली.

“तेच!” उत्कर्षा हळू आवाजात ओरडली. “पण परत पाठच दिसली. काय असेल बरं ते?”

“निळा गळा हाय त्येचा,” सुप्रिया म्हणाली.

दोघी तिच्याकडं वळल्या. सुप्रियानं राखेचे हात पाण्यात बुडवले.

“निळा? तुम्ही बघितलाय?”

“रोज बघती की. हितं ह्या दगडापतूर येतंय. दिवाळीला येतं तवा गळा जरा मळकट असतोय. मग थंडी उतराय लागली की निळा भरत जातोय, मदी इटकरी ठिपका. एकदा पुरा भरला की मग जातंय त्ये.” ती थांबली. “सहा वर्सं झाली, लगीन होऊन आल्यापास्नं बघती.”

उत्कर्षानं वही उघडली. तिचा चेहरा फुलला होता. “शंकर म्हणतात त्याला पुस्तकात. पार उत्तरेकडून येतो, हिमालयाच्याही पल्याडून. मावशींना शेपूट माहिती आणि तुम्हाला गळा! तुम्ही कधी यांना सांगितलं नाहीत?”

सुप्रियानं एक ताटली उचलली, पुन्हा पाण्यात ठेवली.

“दावायचं लई येळा मनात आलं. पण आत्या आल्या की जातोय त्यो.” मग घाईनं म्हणाली, “म्हंजी, पाखरूच त्ये. कुणाच्या बी आवाजानं जातंय.”

फुलाबाई वाकली, घासून ठेवलेली भांडी तिनं कडेवर घेतली आणि आत गेली. मांडणीवर एकेक भांडं ती इतकं हळू ठेवत होती की बाहेरच्या दोघींना ते ऐकूही आलं नाही.

त्या दिवशी बागेत ती लवकर दमली. डबा वाजवायचा वेळ झाला तरी काठी जड वाटत होती. घरात भांडण म्हणून कधी झालं नव्हतं. सुनेला तिनं कधी वाईट बोल लावला नव्हता, हात तर लांबच. तरी आता एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढं यायला लागली. ती घरात शिरली की सुप्रियाला मागच्या बाजूचं काम निघायचं. नात छकुली आईच्या पदराआड जायची. फोन आला की अविराज रस्त्यावर जाऊन बोलायचा. तिला वाटायचं, घरात रेंज नसेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मागच्या दारी जाऊन पायरीवर बसली. सुप्रिया भांडी घेऊन आली आणि दारातच थबकली. फुलाबाईनं हातानंच सांगितलं, तुझं चालू दे. सुप्रिया बसली, पण आवाज न करता घासायला लागली, जणू कुणी झोपलंय. पाखरू आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही आलं नाही. फुलाबाईचे गुडघे थंडीनं ठणकत होते, तरी ती उजाडेपर्यंत बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी अळूचं एक पान हललं. ते बाहेर आलं, दोन उड्या मारल्या, थांबलं, शेपूट वर केली. पुन्हा दोन उड्या. मग धुण्याच्या दगडापाशी येऊन ते वळलं आणि त्याचा गळा समोर आला. निळा होता. मोराच्या निळ्यासारखा नव्हे. नव्या लुगड्याचा, अजून पाण्यात न घातलेल्या लुगड्याचा असतो तसला. मधोमध विटेचा ठिपका, खाली काळी रेघ. सुप्रियानं बघितलं ते पाखराकडं नव्हे, सासूकडं. फुलाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि ती पापणीही हलवत नव्हती.

त्यानंतर त्या दोघींचं ते रोजचंच झालं. पाखरू येऊन गेलं की सुप्रिया भांडी घासता घासता बोलायला लागायची. आधी पाखराबद्दल, मग दुसरंच काही. माहेरी, लासुर्ण्याला, विहिरीवर तिला कसली भीती वाटायची. छकुलीच्या वेळी सातव्या महिन्यात काय झालं होतं. बारामतीला शिवणकाम शिकायला जायचं तिच्या कसं मनात होतं, अजून आहे. फुलाबाईला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. एका घरात सहा वर्षं काढून माणसाला इतकं ठाऊक नसतं याचं तिला नवल वाटत होतं, आणि ती नुसती मान हलवत होती. छकुलीनं तर आजीचा खेळच केला. ज्याला मान हलवून उत्तर देता येईल असले प्रश्न ती विचारत बसायची, अगदी मांडीला मांडी लावून.

दहा दिवस संपले. उत्कर्षाची यादी सव्वीस पाखरांची झाली. तिनं दिग्विजयला बांधावर उभं राहून सगळं सांगितलं, की मणी खाणारी पाखरं चारच जातींची आहेत, ती ओढ्याकडच्या दोन ओळींवरच बसतात, तेवढ्याच ओळी झाकल्या तरी पुरे. बाकीची पाखरं बागेतल्या अळ्या खातात, ती आलेली बरी. दिग्विजय ऐकत होता आणि मोबाईलवर बाजाराचा मेसेज वाचत होता.

“बघू,” तो म्हणाला.

जाताना उत्कर्षा फुलाबाईच्या पाया पडली. फुलाबाईनं तिच्या केसांतलं एक वाळकं पान काढलं.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला. मण्यांत साखर उतरली, भोरड्या वाढल्या. डबा चेचून चेचून फाटला होता, आणि पाखरांना त्याची सवयही झाली होती. डॉक्टरनं सांगितलेला महिना संपला. अविराजनं फोन करून विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, हळूहळू बोलायला सुरुवात करा, हलक्या आवाजात. त्यालाही दोन दिवस झाले. फुलाबाईनं सुरुवात केली नव्हती. “आत्या, आता बोलाय हरकत न्हाय की,” असं सुप्रियानं एकदा म्हटलं. तिनं होकाराची मान हलवली आणि बोलली मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे दोघी मागच्या दारी होत्या. फुलाबाई पायरीवरून उतरून आता सुप्रियाच्या शेजारी, हातभर अंतरावर बसायची. इटकरी दगडापर्यंत आली होती. सुप्रिया एका हातात तवा धरून हळू आवाजात काहीतरी सांगत होती, आणि अचानक बागेकडून आवाज आला.

“हाऽऽऽ हुर्र्र्र! हा हा हाऽऽऽ! ऊठ, तुझ्या मायला, ऊऽऽठ!”

पाखरू गेलं. पण फुलाबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. आवाज कानावर पडताच सुप्रिया ताडकन उभी राहिली होती. तवा तसाच काळा, पदर खांद्यावर ओढलेला, दुसऱ्या हातानं ती भांडी गोळा करत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. उन्हातून सावलीत सरकावं तितक्या सवयीनं तिचं अंग निघालं होतं. दोन पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं वळून पाहिलं. सासू तिच्या शेजारच्या जागेवर गप्प बसलेली होती.

बागेतून तोच आवाज पुन्हा आला. तीच हाळी, तोच चढ, शेवटी तेच ऊऽऽठ. गेल्या हंगामात दिग्विजयनं स्टेटसला ठेवायला फुलाबाईचं ओरडणं मोबाईलमध्ये घेतलं होतं. भाजीवाले गाडीवर लावतात तसला भोंगा आणून त्यानं ते आता बागेत लावलं होतं. फुलाबाईनं आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. ती ऐकत राहिली. सुप्रिया खाली बसली, पण भांड्यांना हात लावेना. फुलाबाईकडं बघायचंही तिनं टाळलं.

तिसऱ्यांदा हाळी आली तेव्हा फुलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

दिग्विजय मांडवाच्या कोपऱ्यावरच्या खांबापाशी होता. भोंगा वर बांधला होता, वायर खाली बॅटरीत गेली होती. तिला येताना बघून तो खुशीत आला.

“बघा फुलाबाई! तुमी नुसतं बसायचं आता. आवाज तुमचाच, दमणूक न्हाय. सगळ्या भोरड्या गेल्या वड्यापल्याड!”

“मालक, त्यो बंद करा.”

“आँ?” भोंगा ओरडत होता. त्यानं कानाला हात लावला. “काय म्हणताय?”

तिनं पुन्हा तेच म्हटलं. तिचा आवाज जात्यात दाणे नसताना येतो तसा खरखरीत आणि बारीक होता. त्याला काहीच ऐकू गेलं नाही. शेवटी त्यानं वाकून वायर ओढली. बाग एकदम शांत झाली.

“हां, आता बोला.”

“आता परत लावू नका,” फुलाबाई म्हणाली.

दिग्विजय वायर हातात धरून तिच्याकडं बघत राहिला. “का? तुमच्याच सोयीसाठी आणला की.”

“घरापतूर ऐकू येतोय.”

“येऊ दे की मग. मग पाखरं कोण उठवणार? तुमाला तर वरडता येत न्हाय.”

“वड्याकडच्या दोन वळी झाका जाळीनं. त्या पोरीनं सांगितलंय तसं. बाकीची पाखरं आळ्या टिपत्यात. मला म्हायती हाय.”

“म्हायती हाय? कवापास्नं?”

“लई वर्सं झाली.”

“मग इतकी वर्सं वरडत का हुता?”

फुलाबाईनं श्वास घेतला. इतकं बोलूनच तिला धाप लागली होती. “तुमी वरडायचीच मजुरी देत हुता, मालक.”

दिग्विजयला हसावं की रागवावं कळलं नाही. त्यानं मांडवाच्या लांबच लांब ओळींकडं पाहिलं, मग दोन ओळींकडं. मनात तो हिशेब करत असावा.

“जाळी टाकली की तुमचं काम न्हाय राहत हितं, फुलाबाई,” तो जरा हलक्या आवाजात म्हणाला. “अठरा वर्सं झाली तुमाला. म्हणून सांगतोय.”

“व्हय.”

“इचार करा.”

“केला.”

वायर त्यानं परत बॅटरीत खुपसली नाही, पण सोडूनही दिली नाही. फुलाबाईनं फाटका डबा आणि काठी खांबाला टेकवून ठेवली आणि ती बांधावरून निघाली. बाभळीवरच्या भोरड्या एकेक करून मांडवाकडं परतायला लागल्या होत्या. ती मागं वळली नाही. पुढं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की आता घरी जाऊन बसायचंय.

घरी सुप्रिया भाकरी थापत होती. छकुली बालवाडीच्या कपड्यांत, एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होती. फुलाबाई उंबऱ्यावर बसली आणि भिंतीला डोकं टेकलं. थोड्या वेळानं ती बोलली. चार-पाच शब्दच होते, आणि ते बोलताना ती सुनेकडं नाही, जमिनीकडं बघत होती.

सुप्रियाचे हात थांबले. भाकरीच्या थापण्यात तिला नीट ऐकू आलं नव्हतं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि पिठाचे हात तसेच घेऊन ती उंबऱ्यापाशी आली. फुलाबाईच्या शेजारी बसून तिनं आपला कान सासूच्या तोंडाजवळ नेला.

“ऐकू न्हाय आलं, आत्या,” ती म्हणाली. “परत म्हणा.”